होमबिल्ट विमान: टेकऑफ झाल्या झाल्या इंजिन गेलं तर सरळ उतरायचं की वळून परत यायचं?

रिवेट_आणि_मिसळ

नमस्कार मंडळी, मूळचा सांगलीचा, सध्या मुक्काम ओहायो. गॅरेजमध्ये बरीच वर्षं आरव्ही-९ए हे किटमधलं दोन सीटचं विमान बांधतोय, म्हणजे दोन्ही गाड्या बाहेर बर्फात आणि विमान आत उबेत असा आमचा संसार. आता पंख जोडायला हँगरवर हलवलंय, इंजिन १६० हॉर्सपॉवरचं लायकमिंग, इन्स्पेक्शन झालं की पहिलं उड्डाण. लायसन्स आहे, भाड्याच्या सेसना उडवत आलोय, त्यामुळे अगदीच नवखा नाही.

प्रश्न असा की नव्या होमबिल्टमध्ये सुरुवातीच्या तासांत इंजिन दगा देऊ शकतं हे सगळेच सांगतात, पण दिलाच दगा तर काय करायचं यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. माझा इन्स्ट्रक्टर म्हणतो हजार फुटांच्या खाली मागे वळायचं नावच काढायचं नाही, समोर जे मिळेल तिथे उतर. हँगरमधला शेजारी म्हणतो आरव्ही मस्त तरंगते, ६०० फुटांवरून आरामात परत येता येतं. आमच्या एअरपोर्टला एका टोकाला मक्याची शेतं आणि दुसऱ्या टोकाला वस्ती, एक शाळा आणि एका मोठ्या दुकानाचं पार्किंग. परवा जेवताना बायकोने विचारलं की वर गेल्यावर बंद पडलं तर काय करणार, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

कुणी स्वतः यातून गेलंय का? पुस्तकातलं नको, ते वाचून झालंय.

बारामती_टू_ब्रिस्बेन

सरळ. नाक खाली. बाकी चर्चा हँगरमध्ये चहा पिताना करायची.

आणि वस्तीच्या बाजूने पहिलं उड्डाण करूच नका. वारा तिकडचा असेल तर त्या दिवशी विमान पुसा आणि घरी जा.

व्हॅलीतला_काका

मी गेलोय यातून. कॅलिफोर्निया, सेंट्रल व्हॅली, फ्रेस्नोच्या खालचा शेतीचा पट्टा. विमान मी बांधलेलं नव्हतं, सेकंडहँड घेतलं होतं, दोन सीटचं, लो-विंग, टेलड्रॅगर, म्हणजे तिसरं चाक शेपटाखाली. कुठलं किट ते सांगत नाही कारण त्याचा यात काही दोष नाही.

रनअप (उडण्याआधी जमिनीवरची इंजिनाची चाचणी) छान, टेकऑफ रोल छान, चाकं उचलली, चढायला लागलो आणि ४०० फुटांच्या आसपास इंजिनाने आचका दिला, परत पकडलं, परत आचका आणि मग गप्प. यात एक फसवणूक अशी की प्रॉपेलर वाऱ्याने फिरतच राहतो, त्यामुळे समोर बघून कळत नाही की इंजिन मेलंय, आणि माणूस थ्रॉटलकडे, गेजकडे, परत थ्रॉटलकडे बघत बसतो. त्या वेळात नाक वरच असतं. चढताना नाक इतकं वर असतं की पॉवर गेली की वेग हळूहळू उतरत नाही, धपकन पडतो. स्टिक नुसती ढिली सोडून भागत नाही रे, पुढे ढकलावी लागते, आणि इतकी की पट्ट्यात अंग हलकं होतं. माझ्या खिशातलं पेन तरंगत वर जाऊन काचेला लागलं ते अजून आठवतं. समोर आकाश होतं तिथे नुसती जमीन येते आणि अंगातला प्रत्येक स्नायू म्हणतो ओढ. तिथे ज्यांनी ओढलं ते असं लिहायला राहिले नाहीत.

मागे वळायचं डोक्यात आलं का? आलं ना. रनवे मागे आहे, हँगर मागे आहे, गाडी तिथे उभी आहे. पण मी टेकऑफच्या आधी प्रत्येक वेळी मोठ्याने बोलायचो, एकटा असलो तरी, की अमुक फुटांच्या खाली गेलं तर डावीकडे ३० अंश, टोमॅटोचं शेत. लोक हसायचे. त्या दिवशी विचार करायला वेळच नव्हता, बोललेलं होतं तेच हातांनी केलं.

समोर बदामाची बाग होती. डावीकडे काढणी झालेलं टोमॅटोचं रान, त्याच्या पलीकडे रस्ता आणि विजेच्या तारा. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून खांब शोधायचे. शेतात उतरताना सरीच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही, आडवं गेलं की प्रत्येक वरंबा चाकाला ठोकर देतो. फ्लॅप्स पूर्ण, मिक्श्चर बंद, फ्युएल सिलेक्टर (कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ती कळ) बंद, फ्लॅप खाली आले की मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद. माझे फ्लॅप इलेक्ट्रिक होते, मास्टर आधी बंद केला असता तर फ्लॅप आलेच नसते, हा क्रम आपापल्या विमानाचा आधी ठरवून ठेवा.

टेकलो अगदी हळू, स्टॉलच्या काठावर, म्हणजे याहून वेग कमी झाला तर पंख विमान पेलत नाहीत. वाटलं जमलं. पण सरी संपली तिथे पाण्याचा पाट होता, वरून न दिसलेला, चाकं त्यात गेली आणि विमान सावकाश, अगदी शिस्तीत, पाठीवर पडलं.

पुढचं नीट वाचा. मी पट्ट्यावर उलटा लटकत होतो, पेट्रोल टपटप कानामागे पडत होतं आणि कॅनपी, म्हणजे काचेचं छत, चिखलात रुतलेली. अशा वेळी घाईने बकल उघडायचं नाही, उघडलं की आपण डोक्यावर पडतो आणि एवढं सगळं वाचवून मान मोडून घेतो. एक हात छताला भक्कम टेकवायचा, पाय आखडून घ्यायचे आणि मग बकल. माझ्याकडे काच फोडायची हातोडी होती पण फोडून बाहेर पडायला खाली जागाच नव्हती, शेतात काम करणारी मेक्सिकन पोरं धावत आली, चौघांनी शेपूट उचलून धरलं तेव्हा सरपटत बाहेर निघालो. खांद्यावर पट्ट्याचे काळेनिळे वळ, बाकी काही नाही. विमान भंगारात.

कारण काय निघालं ते ऐका. ज्याने विमान बांधलं त्याने इंजिनाकडे जाणारा पेट्रोलचा होज स्वतः बनवला होता. फिटिंग आत दाबताना होजच्या आतल्या रबराची एक पापुद्र्यासारखी कातडी निघाली होती, एका बाजूने चिकटलेली. विहिरीच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह असतो ना, तसं ते काम करत होतं, फक्त उलट्या दिशेने. कमी पेट्रोल लागतंय तोवर कातडी भिंतीला चिकटून, आणि फुल थ्रॉटलला मिनिटभर जोरात ओढलं की ती उचलून भोक बंद. म्हणून जमिनीवर रनअप दर वेळी पास! बाहेरून होज नवाकोरा दिसत होता.

रिवेट_आणि_मिसळ

काका, दंडवत. दोनदा वाचलं, एकदा बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते पट्ट्याचा भाग परत वाच.

एक शंका, ४०० ऐवजी ७००-८०० ला झालं असतं तर वळला असता का?

व्हॅलीतला_काका

माझ्या त्या एअरपोर्टवर नसतो वळलो, चहूबाजूंनी सपाट शेतं, कशाला वळू? तुझ्याकडे एका टोकाला शाळा आहे, तुझं गणित वेगळं. याचं सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, त्यात तुझा इन्स्ट्रक्टरही आला आणि शेजारीही.

पंचेचाळीस_अंश

टेक्सासहून. माझं मत थोडं वेगळं आहे, शिव्या नंतर द्या.

मागे वळणं अशक्य आहे हे शिकवायला एफएएच्या (अमेरिकेची विमान नियामक संस्था) हँडबुकात एक उदाहरण आहे, ३०० फुटांवर इंजिन गेलं, ४ सेकंद माणूस गोंधळला, मग ६५ नॉट्सने स्टँडर्ड रेटने, म्हणजे सेकंदाला ३ अंश, वळला. वळणाची त्रिज्या २,१०० फूट, म्हणजे उलटं तोंड होईपर्यंत रनवेपासून ४,२०० फूट बाजूला, मग रनवेकडे तोंड करायला अजून ४५ अंश, एकूण ७९ सेकंद, मिनिटाला १,००० फुटांनी खाली येत असाल तर १,३१६ फूट गेले, म्हणजे रनवेच्या १,०१६ फूट खाली, पाताळात. गणित बरोबर आहे. पण ६५ नॉट्सला स्टँडर्ड रेट म्हणजे जेमतेम १० अंश बँक, म्हणजे पंखांचा कल. इंजिन गेल्यावर असं गुलुगुलु कोण वळतं? ४५ अंश बँक आणि ७० नॉट्स धरलं तर तेच २२५ अंश पंधराएक सेकंदांत होतात आणि त्रिज्या साडेचारशे फुटांच्या आत येते. १९९० च्या दशकात अमेरिकन नेव्हल अकादमीच्या एका प्राध्यापकाने हे सगळं मांडून दाखवलंय, ४५ अंश बँक, वेग त्या बँकेतल्या स्टॉलच्या किंचित वर. एफएएनेसुद्धा २०१८ मध्ये इन्स्ट्रक्टर लोकांना सांगितलं की वळणं कधी जमतं आणि कसं करायचं ते शिकवा, नुसतं नाही म्हणू नका.

आता यातली मेख. ४५ अंश बँकेत स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशात ४१ टक्क्यांनी. सरळ उडताना ५० नॉट्सला स्टॉल होणारं विमान ४५ मध्ये ६० ला आणि ६० मध्ये ७१ ला स्टॉल होतं. रनवे हातातून निसटतोय असं दिसलं की माणूस नकळत बँक वाढवतो, नाक वर ओढतो आणि आतल्या बाजूचा रडर (शेपटाचं सुकाणू, पायाने चालतं) दाबून नाक रनवेकडे ढकलायला बघतो. तीनही एकत्र म्हणजे स्पिनची, गरगरत खाली कोसळायची, पाककृती, आणि ३०० फुटांवर स्पिनमधून कुणी बाहेर येत नाही. शेतात ४५ नॉट्सने घुसणारा बहुतेक वेळा चालत बाहेर येतो, स्पिनमध्ये नाकावर पडणारा नाही. त्यामुळे मी वळा असं म्हणत नाहीये, मोजा असं म्हणतोय.

मोजायचं कसं, तर ३,००० फुटांवर जायचं, चढाईचा वेग आणि नाक धरायचं, थ्रॉटल पूर्ण मागे, तोंडाने चार आकडे मोजायचे (हे महत्त्वाचं, इथेच सगळे स्वतःला फसवतात), मग नाक खाली, ४५ अंश, २२५ ते २७० अंश वळून परत सरळ करायचं आणि किती उंची गेली बघायचं. जी येईल तिच्यात निम्मी अजून मिळवायची. माझ्या आरव्हीला पाचशेच्या आसपास जाते म्हणून मी साडेसातशे धरतो. त्याच्या खाली मी वळत नाही, समोर शाळा असो की समुद्र. समुद्र तर शाळेपेक्षा बरा.

आणि नुसती उंची पुरत नाही, हे फार कमी लोक बोलतात. समजा तुमचं विमान ९० नॉट्सने चढताना मिनिटाला १,५०० फूट चढतं, म्हणजे दर ६ फूट पुढे १ फूट वर. तरंगताना १० फूट पुढे १ फूट खाली. मग परतीचं गणित बसतं. आता कमी ताकदीचं जुनं दोन सीटर घ्या, मे महिन्यातली दुपार, ६५ नॉट्सला मिनिटाला ५०० फूट, म्हणजे १३ फूट पुढे १ वर, आणि तरंगतं ८ ला १. असं विमान सरळ कितीही वर गेलं तरी इंजिन गेल्यावर निघालं तिथे पोचणारच नाही, जितकं वर तितकं जास्त लांब. त्यामुळे सेसनातला अनुभव आरव्हीला आणि आरव्हीतला सेसनाला लावू नका. तुमचा शेजारी एकटा बसून, थंडीत, अर्ध्या टाकीने बोलत असेल तर त्याचे ६०० आणि जुलैत दोघं बसल्यावरचे तुमचे ६०० वेगळे.

वळायचंच झालं तर आडवा वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला वळायचं, म्हणजे वारा परत रनवेकडे ढकलतो. आणि समोरून १० नॉट्सचा वारा घेऊन उडालात तर परत येताना तोच पाठीला असतो. ६० च्या वेगाने टेकलात तर वाऱ्यात तोंड करून जमिनीवर ५०, पाठीला घेऊन ७०. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दुप्पट दणका.

व्हॅलीतला_काका

पंचेचाळीस यांच्या शेवटच्या ओळीला पुरवणी. ताशी ५० मैलांवरून ९ जी ने (गुरुत्वाच्या नऊपट झटक्याने) थांबायला साडेनऊ फूट पुरतात, १०० मैलांवरून साडेसदतीस फूट लागतात. आणि नीट खांद्याचा पट्टा बांधलेला माणूस ९ जी समोरच्या दिशेने सहन करून जातो. साडेनऊ फूट म्हणजे कुंपण, झुडपं, मक्याची दोन ताटं आणि स्वतःच्या विमानाचा चुरा झालेला पुढचा भाग यातच निघतात. म्हणून विमान वाचवायच्या नादाला लागायचं नाही. इंजिन बंद पडलं त्या क्षणी विमान विमा कंपनीचं झालं.

रिवेट, तू ते स्वतःच्या हातांनी बांधलंयस म्हणून तुला हे जड जाणार. लोक रनवेकडे वळतात त्यात हाही भाग असतो, पोटच्या पोराला शेतात कसं आपटायचं! आपटायचं.

चारकोप_लोकल

मी पायलट नाही, इंजिनिअरही नाही, नुसता वाचतोय आणि घाम फुटलाय. हॅरिसन फोर्डचं असंच झालं होतं ना?

आणि आपल्याकडे असं घरी विमान बांधता येतं का? आमच्या चारकोपलाच कॅप्टन अमोल यादवांनी बिल्डिंगच्या गच्चीवर बांधलं होतं ते माहितीये, २०१६ ला बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलेलं.

पंचेचाळीस_अंश

हो, मार्च २०१५, सांता मोनिका. त्याचं विमान होमबिल्ट नव्हतं, १९४० च्या दशकातलं जुनं ट्रेनर होतं, पण प्रसंग हाच. टेकऑफनंतर इंजिन गेलं, परत यायला बघितलं, जमणार नाही हे वेळेत ओळखलं आणि गोल्फ कोर्सवर उतरवलं. चौकशीत निघालं की कार्ब्युरेटरमधला मेन जेट आटे सुटून ढिला झाला होता. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता म्हणून जखमा वाढल्या. रिवेट, तुझ्या खांद्याच्या पट्ट्याचे पॉइंट ड्रॉइंगप्रमाणे आहेत का ते कुणा तिसऱ्याला बघायला लाव.

यादवांचं विमान सहा सीटचं, डीजीसीएकडे २०१७ मध्ये नोंदणी आणि २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली. बांधण्यापेक्षा कागदांना किती वेळ गेला ते त्यांच्या मुलाखतींत ऐका. अमेरिकेत ५१ टक्के काम स्वतः किंवा हौशी लोकांनी केलेलं दाखवलं की एक्सपेरिमेंटल गटात रस्ता बराच मोकळा आहे, म्हणून इथे गल्लोगल्ली आरव्ही.

निफाडकर

निवृत्त, हवाई दलात इंजिनवाला होतो, वैमानिक नाही. तुमची चर्चा छान चालली आहे पण सगळे इंजिन बंद पडल्यानंतरचं बोलताय. ते बंदच का पडावं यावर काका सोडून कुणी बोलेना.

अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने होमबिल्ट विमानांचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये काढला, त्यात २०११ मधले २२४ अपघात तपासले. इंजिन पॉवर जाणं आणि हवेत ताबा सुटणं ही दोन कारणं सगळ्यात पुढे. आणि निम्म्याहून जास्त विमानं मालकाने बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती, म्हणजे काकांसारखी.

आपल्याकडचं एचपीटी-३२ आठवा. प्रशिक्षणाचं विमान, इंजिन लायकमिंगचंच, आणि हवेत इंजिन बंद पडण्यासाठीच बदनाम. जुलै २००९ मध्ये दोन वैमानिक गेले आणि अख्खा ताफा जमिनीवर बसवला. तेव्हा माझं इंजिन नावाजलेलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इंजिनाला हवा, ठिणगी आणि पेट्रोल लागतं, आणि होमबिल्टमध्ये इंजिन कारखान्यातून येतं पण पेट्रोलची पाइपलाइन तुम्ही घातलेली असते.

रिवेटराव, हे करा. कार्ब्युरेटरला जाणारी लाइन कार्ब्युरेटरपाशी सोडवा. नाक चढाईत असतं त्याहून जास्त वर करा, पुढचं चाक रॅम्पवर घ्या किंवा मागची चाकं खड्ड्यात, पण नुसतं हँगरच्या सपाट फरशीवर माप घेऊ नका. टाकीत अगदी थोडं पेट्रोल. इलेक्ट्रिक पंप चालू करून मापाच्या डब्यात सोडा आणि घड्याळ लावा. तुमचं १६० चं इंजिन फुल थ्रॉटलला तासाला १३-१४ गॅलन पितं, पंपाच्या सिस्टिमला त्याच्या सव्वापट यायला हवं, म्हणजे १७ च्या आसपास. वरच्या पंखातून गुरुत्वाने येणाऱ्या विमानांना दीडपट. दोन्ही टाक्या वेगवेगळ्या मोजा. आणि मिनिटभर नाही, बराच वेळ सोडा, काकांचा होज पहिल्या मिनिटात पासच झाला असता.

टाकी तुम्हीच सीलंट लावून बनवली असेल तर त्याचे सुटे तुकडे आत असतातच, गाळण्या उघडा, साफ करा, परत इंजिन चालवा, परत उघडा. काहीच निघेनासं होईपर्यंत. टाकीच्या व्हेंटमध्ये (हवा आत यायच्या नळीत) कुंभारमाशी घर करते, ओहायोतही असते ती, विमान आठवडाभर उभं राहिलं तरी फुंकून बघा. व्हेंट बंद झाला की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप बापडा काय ओढणार?

रिवेट_आणि_मिसळ

निफाडकर सर, फ्लो टेस्ट केली होती, सपाट फरशीवर. आता नाक वर करून करतो. फ्युएल सिलेक्टर दोन सीटच्या मध्ये आहे, ड्रॉइंगप्रमाणे.

निफाडकर

मध्ये आहे ते उत्तम, तिथेच राहू द्या. जॉन डेन्व्हर गायक होता ना, ऑक्टोबर १९९७, मॉन्टेरे बे. लाँग-ईझी हे होमबिल्ट त्याने नुकतंच सेकंडहँड घेतलेलं. बांधणाऱ्याने सिलेक्टर मूळ ड्रॉइंगमधली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेऊन बसवला होता. टाकी बदलायची तर स्टिक सोडून मागे वळायचं, आणि मागे वळताना पाय रडरवर दाबला जायचा. पेट्रोल संपत आलेल्या टाकीवर होता, बदलायला गेला आणि ताबा सुटून समुद्रात पडला. चौकशीत हेच निघालं.

पंचेचाळीस_अंश

आणि रिवेट, टेकऑफच्या आधी शेवटच्या क्षणी टाकी बदलायची नाही. ज्या टाकीवर टॅक्सी आणि रनअप केलं त्याच टाकीवर उडायचं. नवी टाकी, बंद व्हॉल्व्ह किंवा पाणी असेल तर लाइनमधलं पेट्रोल संपायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुम्ही बरोब्बर ३००-४०० फुटांवर असता. तसंच हजार फूट होईपर्यंत पंप बंद करणं, पॉवर कमी करणं, काहीही करायचं नाही. चालू आहे ना, चालू दे.

पहिल्या उड्डाणाला जवळपास एखादा लांबलचक रनवे असलेला एअरपोर्ट असेल तर विमान ट्रेलरवर घालून तिकडे न्या. आठ हजार फुटी रनवेवर ३०० फुटांवर इंजिन गेलं तरी खाली रनवेच असतो, हा सगळा धागाच निकालात निघतो. आणि वर गेल्यावर एअरपोर्टच्या डोक्यावरच घिरट्या घाला, लांब जाऊ नका.

बारामती_टू_ब्रिस्बेन

शेवटी सगळं फिरून सरळ, नाक खाली यावरच आलं ना. मी चार शब्दांत सांगितलं होतं 😄

पंचेचाळीस_अंश

साडेसातशेच्या खाली, हो. कबूल.

रिवेट_आणि_मिसळ

मंडळी, मनापासून आभार. तर माझं असं ठरलं. पाऊण तासावर मोठा एअरपोर्ट आहे, तिथल्या हँगरचं विचारतो. सुरुवातीला मागे वळण नाहीच, उंचीवर जाऊन मोजल्यावर आकडा ठरवेन, दोघं बसून आणि उन्हाळ्यातही मोजेन. आमच्या रनवेवर वस्तीच्या टोकाने उडायचं नाही. एफएएच्या नियमाप्रमाणे टेस्टिंगच्या काळात अनुभवी दुसरा पायलट सोबत घेता येतो, तोही शोधतोय. टेकऑफआधी मोठ्याने बोलायचं, काकांसारखं, मराठीत बोललं तर चालेल ना?

फ्लो टेस्ट शनिवारी. प्लास्टिकची मोठी बादली आहे मापाची, चालेल?

निफाडकर

अजिबात नाही! प्लास्टिकच्या बादलीत पेट्रोल पडताना स्टॅटिक तयार होतं. पत्र्याचा डबा घ्या, डबा आणि विमान तारेने जोडा, मग विमान अर्थ करा. हँगरचं दार उघडं, बॅटरीचा चार्जर काढलेला, अग्निशामक हाताशी आणि एक माणूस फक्त त्याच्याजवळ उभा, फोनवर व्हिडिओ काढत नाही असा.

व्हॅलीतला_काका

मराठीत बोल की, कंट्रोल टॉवरला थोडंच सांगायचंय, बटण मात्र दाबू नकोस.

आणि काच फोडायची हातोडी कुठे लावलीयस? सीटखाली किंवा सीटमागच्या खिशात असेल तर काढ. विमान उलटं झालं की ती छतावर जाऊन पडते आणि अंधारात चाचपडत बसावं लागतं. दोन सीटच्या मध्ये, क्लिपमध्ये घट्ट आणि दोरीने बांधलेली, दोघांपैकी कुणाचाही हात पोचेल अशी. एकदा हँगरमध्ये पट्टे घट्ट बांधून, डोळे मिटून हात घालून बघ, बायकोलाही बघायला लाव.

रिवेट_आणि_मिसळ

सीटमागच्या खिशात होती. उद्या हलवतो.